शब्दचर्चा: चि., चि. सौ. कां., सौ., श्रीमती, गं. भा., ती. – नावाआधी काय लिहावं आणि कुठे काहीच लिहू नये (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

उंबरठा

लग्नपत्रिकेचा मजकूर छापायला द्यायचा आहे आणि नावाआधीच्या अक्षरांवर घरात गाडी अडली आहे. शंका अशा:

'चि. सौ. कां.' याची पूर्ण फोड काय? 'का'वर अनुस्वार हवा की नको? मुलीचे वडील हयात नाहीत, निमंत्रक आई आहे. तिच्या नावाआधी 'श्रीमती' लिहायचं, 'गं. भा.' लिहायचं, की मोकळं सोडायचं? आजी-आजोबा आहेत, त्यांचं नाव कुठे यावं? आणि पत्रिकेतलीच अक्षरं पुढे विवाह नोंदणीत, बँकेत चालतात का?

दौतटाक

चि. सौ. कां. = चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. कांक्षिणी म्हणजे इच्छा धरणारी. म्हणून 'कां'वर अनुस्वार हवाच आणि तिन्ही ठिकाणी टिंब हवं. 'सौ. का.' छापलं तर संक्षेप कशाचा तेच कळत नाही, आणि शेवटचं टिंब गाळलं तर 'कां' पुढच्या नावाला चिकटून 'चि.सौ.कांता…' असं वाचलं जाण्याची वेळ येते. 'सौभाग्याकांक्षिणी' अशी लांब फोडही करतात (सौभाग्य + आकांक्षिणी). तीही बरोबर आहे, पण संक्षेप 'कां.' असल्यामुळे पहिली फोड जास्त सरळ.

आता मुख्य गोष्ट. ही अक्षरं त्या व्यक्तीची पदवी नाहीत. लिहिणारा आणि ज्याचं नाव लिहिलं जातंय तो, या दोघांतलं नातं ती सांगतात. 'चिरंजीव' हा आशीर्वाद आहे, तो वडीलधाऱ्यानं धाकट्याला द्यायचा. त्यामुळे पत्रिकेचा निमंत्रक कोण हे आधी ठरवा, मग अक्षरं आपोआप ठरतात. निमंत्रक आई-वडील, काका-मामा, आजी-आजोबा असतील तर 'चि.' बरोबर. धाकटा भाऊ निमंत्रक असेल आणि थोरल्या बहिणीचं लग्न असेल, तर त्यानं 'चि. सौ. कां.' लिहिणं उलटं होतं. तिथे 'आमची ज्येष्ठ भगिनी मीरा' एवढं पुरतं. वधू-वरच स्वतः निमंत्रण देत असतील तर नावाआधी काहीच नको, कारण स्वतःला कोणी आशीर्वाद देत नाही.

छापखाना

वरच्या मुद्द्यात भर, मजकूर जुळवताना नेहमी दिसणाऱ्या चुकांची.

'यांचे ज्येष्ठ चिरंजीव चि. समीर' ही दुरुक्ती आहे. 'चिरंजीव' एकदा नाम म्हणून (मुलगा) आणि लगेच संक्षेप म्हणून. 'ज्येष्ठ पुत्र चि. समीर' किंवा 'ज्येष्ठ चिरंजीव समीर' करा. 'सुकन्या'मधला 'सु' ज्यानं त्यानं ठरवावा, पण 'सुकन्या' लिहून पुढे 'सुपुत्र' विसरलं की वरपक्षाकडून फोन येतो.

सर्वनामं तपासा. वधूकडच्या पत्रिकेचा जुना साचा असा: 'आमचे येथे श्रीकृपेकरून आमची कन्या चि. सौ. कां. मीरा हिचा शुभविवाह … यांचे पुत्र चि. समीर यांच्याशी…'. आपल्या मुलीला एकेरी, दुसऱ्याच्या मुलाला अहोजाहो, असा त्यामागचा हिशोब. पण वरपक्षाची पत्रिका काढून बघितली तर तिथेही बहुतेक वेळा मुलगी 'हिच्याशी'च असते. दोन्ही पत्रिकांत मुलगी एकेरीच राहते हे पटत नसेल (आणि पटू नये असं माझं स्पष्ट मत आहे) तर दोघांना 'यांचा… यांच्याशी' किंवा दोघांना 'हिचा… याच्याशी' करा. मजकुरात एका शब्दाचा फरक पडतो, ओळ वाढत नाही.

जुन्या पत्रिकेवरून मजकूर उतरवून घेणार असाल तर 'शरीरसंबंध योजिला आहे' हे वाक्य बदला. सोयरीक जुळली, दोन कुळांचा संबंध झाला, हा तिथला अर्थ. आज वाचणाऱ्याला तो अर्थ लागत नाही. 'विवाह निश्चित केला आहे' पुरे.

'आप्तेष्ट' असा एकच शब्द (आप्त + इष्ट). 'आप्तइष्ट', 'आप्तेष्ठ' दोन्ही चूक. 'शुभाशीर्वाद' लिहा, 'शुभाआशिर्वाद' नको. 'आशीर्वाद'मध्ये 'शी' दीर्घच.

प्रूफ आलं की आधी नावं बघायची, मग तारीख-वार एकमेकांशी जुळतात का ते कॅलेंडर समोर ठेवून बघायचं, मग मुहूर्ताची वेळ, मग कार्यालयाचा पत्ता. बाकीचा मजकूर शेवटी. लोक सुरुवातीपासून वाचत येतात, 'श्रीगणेशाय नमः' तीनदा तपासतात आणि वार चुकतो.

दौतटाक

आईच्या नावाआधीचा प्रश्न राहिला, आणि तो या सगळ्यात जास्त जपून सोडवायचा आहे.

'श्रीमती' हा मुळात 'श्रीमत्'चं स्त्रीलिंगी रूप. त्यात वैधव्याचा काही संबंध नाही. हिंदीत विवाहित बाईला श्रीमती म्हणतात. मराठीत नवरा असलेल्या बाईला 'सौ.' हा शब्द ठरून गेला, म्हणून उरलेल्यांकडे 'श्रीमती' सरकला आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्याला विधवेचा अर्थ चिकटला. कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारात मात्र कुमारिका, विवाहिता, विधवा सगळ्यांना श्रीमती लिहितात, तेव्हा शब्द म्हणून तो निर्दोष आहे.

'गं. भा.' म्हणजे गंगा भागीरथी. विधवेसाठीच वापरायचा संक्षेप. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी हा शब्द वापरण्याचा विचार पत्रातून मांडला, तेव्हा त्यावर मोठी टीका झाली आणि तो फक्त चर्चेसाठीचा प्रस्ताव होता असा खुलासा करावा लागला. शब्द कितीही पवित्र नद्यांचा असला तरी तो बाईबद्दल एकच गोष्ट सांगतो: नवरा नाही. तिच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत ती गोष्ट पहिल्या ओळीत सांगायची काय गरज?

म्हणजे 'श्रीमती' वापरा, असं उत्तर झालं का? अर्धंच. अडचण एका नावात नसते, यादीत असते. खाली निमंत्रकांच्या यादीत 'सौ. व श्री.' अशा पाच जोड्या आणि मधे एकटी 'श्रीमती' आली की ती वेगळी पडतेच, शब्द कितीही चांगला असो. उपाय दोन. एक, सगळ्या बायकांना 'श्रीमती' आणि सगळ्या पुरुषांना 'श्री.'. दोन, सगळ्यांच्या नावाआधीचं सगळं काढून टाका आणि फक्त पूर्ण नावं द्या. दुसरा उपाय जास्त देखणा दिसतो आणि जागाही वाचते.

वडिलांचं नाव 'कै. … आणि लता … यांची कन्या' असं मजकुरात घ्या. निमंत्रकांच्या यादीत हयात नसलेल्याचं नाव येत नाही. आजोबा-आजी हयात आहेत, तर त्यांचं नाव सर्वांत वर 'यांची नात' असं मजकुरात येऊ शकतं, पण निमंत्रक म्हणून आईच्याच नावानं पत्रिका निघाली पाहिजे. ती निमंत्रण देतेय. सवयीनं काका-काकूंना पुढे करून आईला 'आमची वहिनी' करून टाकू नका.

उंबरठा

दोन्ही प्रूफं समोर ठेवून बघितली, उपाधी काढलेलीच चांगली दिसते. एक शंका: कन्यादान, औक्षण यांत आईनं पुढे व्हावं की नाही यावरही कुरबुर आहे.

कचेरी

शब्दचर्चेच्या थोडं बाहेरचं, पण लिहितो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनानं त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. कुरबुर करणाऱ्यांना हे सांगा. आई पुढे होणारच.

आता कागदांकडे. नोंदवहीत आशीर्वाद देणारा कोणी नसतो. तिथे नाव हे फक्त ओळख पटवण्यासाठी असतं. म्हणून चि., सौ., श्रीमती, कु. यातलं एकही अक्षर नावाच्या रकान्यात जाऊ द्यायचं नाही. अर्जावर उपाधीचा वेगळा रकाना असेल तर तिथे, नाहीतर कुठेच नाही. संगणक 'सौ' हा नावाचा पहिला शब्द धरतो. मग एका कागदावर 'सौ मीरा', दुसऱ्यावर 'मीरा', आणि दोन कागद जुळेनात.

विवाह नोंदणी महाराष्ट्रात १९९८च्या कायद्यानं होते. 'नमुना ड' म्हणजे ज्ञापन (नोंदणीसाठी भरून द्यायचा अर्ज), त्यावर वधू, वर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे यांच्या सह्या. 'नमुना ई' म्हणजे हातात मिळणारं प्रमाणपत्र. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत अर्ज करावा, पुढे विलंबाचं शुल्क लागतं. अर्जाबरोबर लग्नपत्रिका जोडतात, म्हणूनच पत्रिकेतल्या नावाला महत्त्व: शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'मीरा' आणि पत्रिकेत 'मिरा' असेल तर खुलासा लिहून द्यावा लागतो. घरातलं लाडाचं नाव पत्रिकेत कंसात घातलं तरी चालेल, पण दाखल्यावरचं नाव पूर्ण आलंच पाहिजे.

लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचं नाही. बदलायचं असेल तर आधी विवाह प्रमाणपत्र, गरज असेल तिथे राजपत्रात प्रसिद्धी, मग आधार, मग पॅन, मग बँक. एकाच वेळी सगळीकडे अर्ज टाकले की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याचा कागद मागत बसतं.

आहेराच्या धनादेशाचं एक वेगळं सांगायला हवं. 'चि. सौ. कां. मीरा' किंवा 'श्री. व सौ. समीर …' असं लिहिलेला धनादेश खात्यावरच्या नावाशी जुळत नाही. मुलीच्या नावे द्यायचा तर तिच्या खात्यावर आज जे नाव आहे, म्हणजे बहुतेक माहेरचं, तेच लिहावं. धनादेश तीन महिनेच चालतो, तेवढ्यात नाव बदलून होईल या भरवशावर राहू नये.

नागपूरकर

वरची सगळी चर्चा एकाच पद्धतीच्या पत्रिकेची झाली. विदर्भात आणि इतरत्रही बौद्ध कुटुंबांच्या 'मंगल परिणय' पत्रिकेत श्री.-सौ. ऐवजी आयुष्मान, आयुष्मती (आयु.) लिहितात आणि दिवंगतांना 'कालकथित'. कै., स्व. तिथे बसत नाही. 'आयुष्यमान', 'आयुष्यमती' असं छापलेलं दिसतं. मूळ 'आयुष्मान', 'आयुष्मती', मधे 'य' नाही. आयुष्मतीची आणखी एक चांगली बाजू: नवरा असो-नसो, शब्द तोच राहतो.

वारकरी घरांत दिवंगतांसाठी 'वै.' (वैकुंठवासी) आणि हयात मंडळींसाठी 'ह. भ. प.'. मुस्लिम कुटुंबांत 'मरहूम'. कोणत्याही घराला चालेल असा शब्द हवा असेल तर 'दिवंगत' ठेवा.

दोन_अक्षरं

मूल झाल्यावर काय? 'कु.' मुलाला लावायचं की मुलीला? शाळेच्या पत्रांत दोघांना दिसतं.

कचेरी

'कु.' कुमारचाही संक्षेप आणि कुमारीचाही. म्हणूनच संदिग्ध. निमंत्रण, बक्षीसपत्र वगैरेत पूर्ण शब्द लिहावा. दाखल्यावर नको.

नावाच्या क्रमाबद्दल: १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव महाराष्ट्रात शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमानं लिहायचं आहे. आईचं नाव वेगळ्या रकान्यात नसून नावातच येतं. आईचं नाव तिच्या स्वतःच्या कागदांवर आहे तसंच द्यायचं. इथेही 'सौ.' घुसवलेलं दिसतं, ते काढायला लावा, नाहीतर ते अक्षर बाळाच्या नावात जाऊन बसेल.

जन्माची नोंद २१ दिवसांत. बारशाआधी नाव ठरलं नसेल तर नोंद नावाशिवाय होते. १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येतं आणि १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नोंद वेगळी आणि नाव वेगळं हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून घाईत पाळण्यातलं एखादं नाव लिहून मोकळे होतात आणि ते दुरुस्त करणं हे कोरं नाव भरण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा ठेवावा.

सातबाऱ्यावर आणखी एक संक्षेप भेटतो: 'अ. पा. क.', अज्ञान पालनकर्ता. इथला 'अज्ञान' म्हणजे कायद्यानं सज्ञान न झालेला, १८ वर्षांखालचा. अडाणी नव्हे. वडील गेल्यावर लहान मुलांची नावं लागतात तेव्हा 'अ. पा. क. आई' असं नाव येतं. मूल अठराचं झालं म्हणून हा शेरा आपोआप पुसला जात नाही. वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्यावा लागतो, मग फेरफार (नोंदीतला बदल) पडतो. कर्ज काढायच्या किंवा विकायच्या दिवशीच हे लक्षात येतं. तीच गोष्ट 'ए. कु. मॅ.'ची, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: सातबाऱ्यावर एकट्या थोरल्याचं नाव दिसतं, बाकीच्यांचा हक्क असतो पण कागदावर दिसत नाही. वाटणीची वेळ येण्याची वाट न बघता सगळ्या हक्कदारांची नावं लावून घ्यावीत. बहिणींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेली असतील तर तीही.

छापखाना

आमच्याकडे लग्नाखालोखाल मजकूर येतात ते सेवापूर्ती, साठी आणि सहस्रचंद्रदर्शनाचे. तिथल्या चुका ठरलेल्या.

'षष्ट्यब्दी'त ट आहे, ठ नाही. षष्टि म्हणजे साठ, षष्ठी म्हणजे सहावी तिथी. अब्द म्हणजे वर्ष. 'षष्ठ्यब्दी' छापलं तर साठ वर्षांचं सहाशी नातं लागतं. जोडाक्षर डोळ्यांना अवघड वाटत असेल तर 'साठीशांत' हा घरगुती शब्द उत्तम आहे, तो वापरा.

'सहस्र' असं लिहायचं. 'सहस्त्र' चूक, त्यात त नाही. हजार पौर्णिमा बघितल्या हा अर्थ. दोन पौर्णिमांमधलं सरासरी अंतर सुमारे २९.५३ दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना साधारण २९,५३० दिवस, ८० वर्षं १० महिने. म्हणून ऐंशी पूर्ण होऊन एक्याऐंशीवं सरत आलं की हा सोहळा करतात. 'ऐंशीवा वाढदिवस म्हणजेच सहस्रचंद्रदर्शन' असं सरसकट छापू नये.

'निवृत्तिवेतन', 'निवृत्तिवेतनधारक' यांत 'त्ति' ऱ्हस्व. 'निवृत्ती' शब्द एकटा असेल किंवा शेवटी असेल तर दीर्घ: 'सेवानिवृत्ती'. समासात पहिला आला की ऱ्हस्व.

दौतटाक

आणि या पत्रिकांत निमंत्रक मुलं असतात, म्हणजे दिशा फिरते. लग्नात वडीलधारे 'चि.' म्हणाले, आता मुलं 'ती.' म्हणणार. ती. = तीर्थरूप, 'ती' दीर्घ; 'ति. बाबा' चूक. पत्रांचा जुना रिवाज असा: जन्मदात्यांना 'तीर्थरूप', काका-मामा-सासरे अशा वडिलांसमान माणसांना 'तीर्थस्वरूप' (ती. स्व.). सख्खे वडील तीर्थच आणि बाकीचे तीर्थासारखे, असा तो बारीक भेद. 'स्व.' इथे 'स्वरूप'चा आहे. पण आजच्या वाचकाला 'स्व.' म्हणजे स्वर्गीय वाटतं, म्हणून हयात सासऱ्यांच्या साठीच्या पत्रिकेत 'ती. स्व. मामंजी' छापू नका. एकतर 'तीर्थस्वरूप' पूर्ण लिहा, नाहीतर 'आदरणीय'.

निमंत्रणात 'आमचे ती. बाबा आणि ती. आई' शोभतं. आईच्या आधी 'ती. सौ.' लावायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या घरचं, पण आईची साठी असेल आणि बाबा नसतील तेव्हा 'ती. आई' एवढं किती नेटकं दिसतं बघा. एक शब्दही गाळावा किंवा बदलावा लागत नाही.

दोन_अक्षरं

'उपदान' आणि 'अंशराशीकरण' हे शब्द निवृत्तीच्या कागदांत येतात. घरच्या माणसांना सांगताना काय म्हणायचं?

कचेरी

उपदान = ग्रॅच्युइटी. अंशराशीकरण = निवृत्तिवेतनाचा काही भाग (राज्य शासनात जास्तीत जास्त ४० टक्के) आधीच एकरकमी उचलणं. बोलताना 'पेन्शन विकणं' म्हणतात, त्यामुळे ते कायमचं गेलं असा समज होतो. तसं नाही, कापलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. 'पेन्शनमधली काही रक्कम आगाऊ घेतली' असं सांगावं.

हयातीचा दाखला: हयात म्हणजे जिवंत असणं. दर नोव्हेंबरात द्यायचा. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' या डिजिटल पद्धतीनंही देता येतो. तो चुकला की पेन्शन थांबते, रद्द होत नाही. दाखला दिल्यावर मागची रक्कमही मिळते.

आणि नावाकडे परत येऊन: निवृत्तीच्या कागदांत पत्नीचं नाव सेवापुस्तकात एक, आधारवर दुसरं, बँकेत 'सौ' लावून तिसरं, असं फार वेळा असतं. नवरा हयात असेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करायची वेळ आली की तिला एकटीला प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. म्हणून निवृत्तीच्या निदान वर्षभर आधी सेवापुस्तक, आधार, पॅन आणि संयुक्त खातं ही चार कागदं शेजारी ठेवून दोघांची नावं अक्षर-अक्षर जुळवावीत. माहेरचं नाव नोंदलेलं असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडून दुरुस्ती करून घ्यावी. लग्नाआधी आई-वडिलांच्या नावे केलेलं नामनिर्देशन तसंच राहिलं आहे का तेही बघावं. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजनेत तर कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर निरर्थक ठरतं, नवीन भरावंच लागतं.

उंबरठा

पत्रिकेचा मजकूर ठरला: वर 'कै. … आणि लता … यांची कन्या', मधे 'मीरा यांचा विवाह समीर यांच्याशी', खाली निमंत्रक म्हणून आईचं पूर्ण नाव, कोणतीही उपाधी नाही. 'चि. सौ. कां.' ठेवावं असा आजीचा आग्रह आहे. तेवढं तिच्यासाठी ठेवलं तर बाकीच्या उपाधी काढलेल्या पत्रिकेत विसंगत दिसेल का?

दौतटाक

नाही दिसणार. ते आशीर्वादाचे शब्द आहेत, आणि आजीचा आशीर्वाद कोण अडवणार? फक्त 'चि. समीर' हेही ठेवा, म्हणजे दोघांना मिळेल. अनुस्वार तपासा आणि टिंबांनंतर प्रत्येक ठिकाणी एक मोकळी जागा सोडायला सांगा: चि. सौ. कां. मीरा.